आंब्याच्या साली, बाठे आणि चोथा गुरांना घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल संपता संपता कॅनिंगचा हंगाम तापतो आणि हे प्रश्न येऊ लागतात. काही गोठेवाल्यांचे असतात, काही आवारात सालींचा ढीग साठलेल्या कारखानदारांचे. उत्तरं मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा प्रक्रियेला धरून दिली आहेत. संत्रं, काजू, अननस, द्राक्ष जिथे वेगळं वागतं तिथे ते वेगळं सांगितलं आहे.

१. फॅक्टरीत साली फुकट मिळतात. आणून थेट गाईपुढे टाकल्या तर चालतं का?

चालतं, पण त्याच दिवशीच्या साली हव्यात. आंब्याच्या ओल्या सालीत ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात बराच भाग साखर आणि पेक्टिनचा. मे महिन्यातल्या कोकणी उकाड्यात सकाळी निघालेली साल संध्याकाळी आंबट वास मारते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी दिसू लागते. म्हणून सकाळच्या पाळीची साल दुपारपर्यंत एकतर गव्हाणीत जावी, नाहीतर मुरघासाच्या (हवाबंद ठेवून आंबवलेल्या चाऱ्याच्या) ड्रममध्ये. ‘उद्या बघू’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेला ढीग खताच्या खड्ड्याकडे न्यावा.

आधी पेंढा द्या, मग साल. उपाशी जनावराला पहिल्यांदा साल दिली तर ते हावरेपणाने खातं, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात (प्रश्न ३ पाहा).

२. एका जनावराला दिवसाला किती घालायची?

जनावर दिवसभरात जेवढा सुका पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा-दाणा) खातं, त्याचा पाचवा हिस्सा फळांच्या अवशेषातून आला तर ठीक. त्यावर जाऊ नका. ४०० किलोची संकरित गाय दिवसाला १० ते १२ किलो सुका पदार्थ खाते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे दोन-सव्वादोन किलो, आणि ओल्या सालीत मोजला तर ८ ते १० किलो. कोकण कपिला किंवा तशाच लहान चणीच्या गावठी गाईला ४ किलो पुरे. २०-२५ किलोच्या शेळीला अर्धा ते पाऊण किलो.

हे आकडे पहिल्या दिवसाचे नाहीत. गाईला एक-दीड किलोने सुरुवात करून दहा-पंधरा दिवसांत तिथवर पोहोचायचं. हंगाम संपताना साल एकदम बंद करू नका, तीही हळूहळू उतरवा.

३. दोन घमेली साल खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करेना, पातळ शेण टाकते. काय झालं असेल?

बहुधा पोटातली आम्लता, ज्याला डॉक्टर ॲसिडोसिस म्हणतात. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू चारा पचवण्याच्या कामाचे. एकदम खूप साखर आली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू फोफावतात, पोटाचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली घसरतो आणि चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात. खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत लक्षणं दिसतात: खाणं सोडणं, रवंथ बंद, आंबूस वासाचं पातळ शेण, डोळे खोल जाणं. जास्त झालं तर जनावर बसून राहतं.

साल आणि दाणा लगेच थांबवा, सुका पेंढा आणि पाणी समोर ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. खाण्याचा सोडा देतात हे खरं आहे, पण किती द्यायचा ते त्यांनाच ठरवू द्या. जनावर बसलं असेल तर सकाळची वाट पाहू नका. बाटलीने तेल पाजण्याचा गावठी उपाय इथे काहीच कामाचा नाही, आणि घाईत पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं.

४. एवढा गोड माल मिळतो, तर सरकी पेंड बंद करू का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि सर्वांत जास्त नुकसानही यातच होतं. सालीतून मिळते ती ऊर्जा, प्रथिनं नाहीत. हिशेब करून पाहा. १० किलो ओल्या सालीत सुका पदार्थ २ किलो. त्यात प्रथिनं पाच टक्के धरली तर १०० ग्रॅम. एक किलो साध्या सरकी पेंडीत प्रथिनं २२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन घमेली साल अर्धा किलो पेंडीचीही बरोबरी करत नाही.

साल जागा घेते ती भरडलेल्या मक्याची. दाण्यातला मका थोडा कमी करा, पेंड तशीच ठेवा, खनिज मिश्रण चालू ठेवा. सालीत स्फुरद कमी असतो, तो खनिज मिश्रणातूनच मिळणार. पेंड काढून साल घातली की पहिले काही दिवस दूध टिकतं, मग उतरतं आणि गाय हाडकते. तोपर्यंत हंगाम संपलेला असतो आणि दोष पावसावर जातो.

५. बाठे तसेच टाकले तर गुरं चघळत बसतात. त्यात वाईट काय?

गिळला तर बाठा अन्ननलिकेत अडकतो. कोकणातल्या कुठल्याही पशुवैद्यकाला विचारा, मे-जूनमध्ये ही केस ठरलेली. जनावर मान ताठ करतं, लाळ गाळतं, खोकतं. ढेकर बाहेर पडत नाही, त्यामुळे डावी कूस फुगते. फुगणं वाढलं तर काही तासांत जीव जातो. काठीने किंवा रबरी नळीने बाठा आत ढकलायचा प्रयत्न करू नका, अन्ननलिका फाटते. डॉक्टर येईपर्यंत जनावर उभं ठेवा आणि पाणीसुद्धा पाजू नका.

म्हणून सालीची ट्रॉली रिकामी करताना बाठे वेचून काढायचे. रायवळचे छोटे बाठे जास्त धोक्याचे, कारण ते सहज गिळले जातात.

६. मग बाठ्यांचं करायचं काय?

वरचं कठीण कवच लाकडासारखं असतं, ते सरपणात जातं. उपयोग आतल्या गराचा. त्यात मुख्यतः स्टार्च, सुमारे ८ ते १२ टक्के चरबी, सहा-सात टक्के प्रथिनं आणि टॅनिन असतं. टॅनिनमुळे गर तुरट लागतो आणि खाद्यातली प्रथिनं पचू देत नाही. गर फोडून, भिजवून, उकळून, पाणी फेकून, वाळवून, दळून घेतला तर गाईच्या दाण्यात १०० किलोमागे १० किलोपर्यंत घालता येतो.

माझं मत विचाराल तर घरच्या चार गुरांसाठी हा खटाटोप परवडत नाही. कोयीच्या चरबीला गुरांपेक्षा चांगलं गिऱ्हाईक आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहा वनस्पतिजन्य चरब्या पाच टक्क्यांपर्यंत चालतात. त्यांत आंब्याच्या कोयीची चरबी आहे, आणि कोकमाचीही. तेल काढून उरलेली कोयीची पेंड मिळाली तर ती दाण्यात जरूर वापरा. प्रमाण तेच, १० टक्के.

७. साल उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येईल का?

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, कातळावर, पातळ पसरून, दोन-तीन वेळा उलटून: हो. १०० किलो ओल्या सालीतून २०-२२ किलो वाळलेली साल हाती येते. ती मोडली की कडकन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे आणि पोत्यात बुरशी धरणार.

अडचण ही की कॅनिंगचा बराच माल येतो तो ताज्या आंब्याचा भाव पडल्यावर, म्हणजे मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये. तेव्हा वळवाच्या सरी सुरू झालेल्या असतात. अर्धवट वाळून भिजलेली साल ही ओल्या सालीपेक्षा वाईट. त्यामुळे कोकणात वाळवणं हा जोडमार्ग, मुख्य मार्ग मुरघासाचा.

८. सालीचा मुरघास मक्याच्या मुरघासासारखाच करायचा का?

तत्त्व तेच: हवा बाहेर, आम्ल आत. फरक दोन. मक्यात ओल बेताची असते, सालीत फार. आणि सालीत साखर इतकी असते की गूळ किंवा मळी घालायची अजिबात गरज नाही.

मुरघासाला ६५ ते ७० टक्के ओल लागते. ती आणायची सुक्या पेंढ्याने. वजनाने चार भाग साल आणि एक भाग भाताच्या पेंढ्याची कुट्टी घेतली की मिश्रणाची ओल ६६ टक्क्यांच्या आसपास येते. कुट्टी इंचभर किंवा त्याहून बारीक. १०० किलो मिश्रणाला अर्धा किलो मीठ. चार बोटांचा थर, पायाने दाबा, पुन्हा थर. मूठभर मिश्रण पिळलं तर तळवा ओला व्हावा पण रस टपकू नये. टपकला तर पेंढा कमी पडला आहे, आणि तो रस म्हणजे वाहून चाललेली साखर.

तोंड हवाबंद करून किमान तीन आठवडे, शक्यतो महिनाभर उघडू नका. चांगल्या मुरघासाचा सामू चारच्या आसपास असतो, रंग पिवळसर तपकिरी आणि वास लोणच्यासारखा आंबट.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. मेमध्ये साल भरपूर असते, पण पेंढ्याच्या उडव्या संपत आलेल्या असतात. सालीच्या मुरघासाची तयारी भातकापणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेंढा राखून ठेवण्यापासून सुरू होते. सालीसाठी कारखान्याशी बोलणारे पुष्कळ भेटतात, पेंढ्याचं कोणी बोलत नाही.

पेंढ्यातही प्रथिनं नसतात, म्हणून युरिया घालू का असंही विचारतात. मी सुचवत नाही. नीट मिसळला नाही तर एका घासात विषबाधा होते. पेंड वेगळी द्या.

९. खड्डा खणावा, ड्रम घ्यावे की बॅगा?

कोकणातल्या पावसात जमिनीतला खड्डा नको. जांभा दगडातून पाणी पाझरतं आणि जुलैत मुरघास पोहायला लागतो. चार-पाच गुरांना २०० लिटरचे झाकणाचे प्लॅस्टिक ड्रम सोयीचे, एकात सव्वाशे-दीडशे किलो बसतो आणि आठवड्याभरात संपतो. जास्त गुरं असतील तर बाजारात मिळणाऱ्या मुरघास बॅगा, पण त्या उंदरांपासून जपाव्या लागतात. जुना ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका.

१०. ड्रम उघडल्यावर दारूसारखा वास येतो. फेकून देऊ?

लगेच नको. दारूचा वास म्हणजे हवा राहिली आणि यीस्टने साखरेची दारू केली. वास हलका असेल, बुरशी नसेल, तर तासभर पसरून ठेवा आणि थोड्या प्रमाणात, पेंढ्यात मिसळून रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना द्या. गाभण गाईला आणि वासरांना नको. वास डोळ्यांत जाण्याइतका तीव्र असेल तर खतात. पुढच्या वेळी जास्त दाबा आणि ड्रम काठोकाठ भरा.

११. वर हिरवी बुरशी आहे, खालचं चांगलं दिसतं. वरचं काढून बाकीचं घालू?

मुरघासात फक्त वरच्या थराला बुरशी असेल तर तो थर आणि त्याखालचा वीतभर भाग काढून टाका, उरलेल्याचा वास-रंग चांगला असेल तर वापरा. मधे मधे गाठी असतील तर सगळा ड्रम बाद. वाळलेल्या सालीला बुरशी दिसली तर निवडत बसू नका.

काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते दुधात उतरतं. दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम१ ची आपल्याकडची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. उकळल्याने ते जात नाही.

१२. आंब्यावर एवढ्या फवारण्या होतात. सालीतून विष दुधात येणार नाही का?

शंका रास्त आहे. फळावर जे उरतं ते जास्त करून सालीवरच असतं. धुलाईने काही भाग जातो, सगळा नाही. बागायतदाराने शेवटची फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर दिलेले दिवस सोडले असतील तर धोका कमी. निर्यातीचा पल्प करणारे कारखाने उर्वरित अंशांची तपासणी करून घेतात, तो अहवाल मागायला लाजू नका. मात्र तो गराचा असतो. रोज टनावारी साल उचलणार असाल तर हंगामात एकदा सालीचाच नमुना प्रयोगशाळेत द्या.

१३. शेळ्या, कोंबड्या, वासरं: यांना चालतं का?

शेळ्यांना चांगलं चालतं. त्यांच्या लाळेतली प्रथिनं टॅनिनला बांधून टाकतात, म्हणून तुरट माल गाईपेक्षा त्यांना जास्त सोसतो. आम्लतेचा धोका मात्र त्यांनाही तेवढाच. परसातल्या कोंबड्यांना सालीचे तुकडे चवीपुरते, बाठ्याचा गर नको, अंडी कमी होतात. तीन महिन्यांखालच्या वासराला यातलं काहीच नको, त्याचं पहिलं पोट अजून तयार झालेलं नसतं.

१४. दुधाला आंब्याचा वास येतो, फॅट लागत नाही अशी डेअरीची तक्रार आहे.

वासाचं सोपं आहे: धार काढल्यावर साल घाला, धारेआधी दोन-तीन तास नको. भरलेल्या घमेल्यांचा वासही गोठ्यात कोंडू देऊ नका. फॅट उतरली असेल तर साल जास्त आणि पेंढा कमी झाला आहे. फॅट तयार होते ती तंतुमय चाऱ्यातून. प्रश्न २ मधल्या प्रमाणावर परत या.

१५. नागपूरकडे संत्र्याच्या साली मिळतात. हेच नियम लागू?

बरेचसे. सालीतल्या तेलाच्या उग्र वासामुळे पहिले काही दिवस गुरं तोंड लावत नाहीत, मग आवडीने खातात. बियांमध्ये लिमोनिन हे कडू, बाधणारं द्रव्य असतं, म्हणून बियांसकट चोथा कोंबड्यांना आणि डुकरांना नको.

ब्राझील आणि फ्लोरिडात संत्र्याचा चोथा वाळवून गोळ्या करण्याचा मोठा उद्योग आहे. तिथे ओल्या चोथ्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास चुना मिसळतात, त्याने पेक्टिनने धरलेलं पाणी सुटतं आणि मग तो दाबून वाळवतात. १९९८ मध्ये ब्राझीलहून गेलेल्या अशा गोळ्यांमुळे जर्मनीतल्या दुधात डायॉक्सिन हे विषारी रसायन वाढलेलं आढळलं आणि युरोपने आयात थांबवली. दोष संत्र्याचा नव्हता, चुना दूषित होता. आपल्याकडे कोणी ‘स्वस्तातला चुना’ मिसळण्याचा सल्ला दिला तर हे आठवा: खाण्याच्या दर्जाचाच चुना, नाहीतर चुना नकोच.

१६. काजूच्या बोंडांचा चोथा?

रस काढून उरलेला चोथा ताजा असताना किंवा पेंढ्याबरोबर मुरवून देता येतो. बोंड तुरट असतं, म्हणून सुरुवातीला गाई नाक मुरडतात. चोथा आंब्याच्या सालीपेक्षाही लवकर आंबतो. एक गोष्ट मात्र ठाम: काजूगराच्या कारखान्यातली टरफलं चुकूनही मिसळू देऊ नका. त्यांतलं तेल कातडी भाजतं, जनावराच्या तोंडाचं आणि आतड्याचं काय होईल ते सांगायला नको.

१७. अननस आणि वाइनरीतला द्राक्षाचा चोथा?

अननस या सगळ्यांत सोपा. साल, मधला दांडा आणि पानांचा तुरा यांत स्वतःचाच तंतू असतो, त्यामुळे पेंढा कमी लागतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने अननसाच्या अवशेषांचा मुरघास हिरव्या मक्याला पर्याय म्हणून विकसित केला आहे. तुरा मात्र कुट्टी करूनच घ्या.

द्राक्षाचा चोथा जानेवारी ते मार्चमध्ये नाशिककडे निघतो. दिसायला भरगच्च, पण बिया आणि टॅनिनमुळे पचन कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे द्राक्षावर बोर्डो मिश्रण हे तांबंयुक्त बुरशीनाशक फवारलेलं असतं आणि त्यातलं तांबं चोथ्यात राहू शकतं. गाईला थोड्या प्रमाणात सोसतं, मेंढ्यांना तांब्याची विषबाधा फार पटकन होते. मेंढ्यांना द्राक्षाचा चोथा देऊ नका.

१८. रत्नागिरीतली साल कोल्हापूर-सांगलीच्या गोठ्यांना विकली तर?

तिकडे गुरं जास्त आहेत हे खरं. पण दहा टनांच्या गाडीत आठ टन पाणी घाट चढतं. हिशेब नेहमी सुक्या पदार्थावर करा: पोहोच खर्च भागिले ०.२०. किलोमागे रुपया वाहतूक पडली तर सुक्या पदार्थाचा किलो ५ रुपयांना पडला, त्यात पेंढा, बॅगा आणि मजुरी धरलेलीच नाही. त्या दिवशीच्या मक्याच्या भावाशी ताडून बघा, आणि गाडी घाटात चार तास अडकली तर माल कुठल्या अवस्थेत उतरेल तेही धरा. ओली साल जवळच्या गोठ्यात खपवावी. दूर पाठवायची तर वाळलेली साल किंवा कोयीची पेंड.

तयार पशुखाद्य म्हणून पोत्यात भरून विकणार असाल तर भारतीय मानक ब्युरोचं आयएस २०५२ हे गाईंच्या संमिश्र खाद्याचं मानक वाचून घ्या. नुसती साल भरून त्याला ‘समतोल आहार’ म्हणता येत नाही.

१९. आम्ही कारखानदार. साल उचलणारे गोठेवाले दोन दिवस येतात, मग येत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा एकाच ट्रॉलीत सगळं टाकलेलं असतं: साली, बाठे, सडके आंबे, हातमोजे, बारदानाची सुतळी, तारेचे तुकडे. तार गाईच्या पोटातून हृदयापर्यंत जाते, आणि एकाची गाय गेली की त्या वाडीतलं कोणी फिरकत नाही. सालीसाठी झाकणाची वेगळी पिंपं ठेवा, बाठे वेगळे, सडका माल वेगळा. यंत्र धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरता, ते पाणी सालीच्या पिंपाच्या वाटेला जाता कामा नये. धुलाईच्या वेळी पिंपं हलवायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका.

साल किती निघेल ते गोठेवाल्याला आदल्या संध्याकाळी कळवा. त्याने टेम्पो आणायचा आणि त्या दिवशी केसरचा लॉट आलाच नाही, असं दोनदा झालं की तो परत सरकी पेंडीच्या दुकानात जातो. कोणी किती माल नेला त्याची वही ठेवा. घनकचऱ्याचं काय करता हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने विचारलं तर तीच उपयोगी पडते, आणि एखाद्या गोठ्यातून तक्रार आली तर कुठल्या दिवसाची साल होती तेही तिच्यातूनच सापडतं.